वांगेसटीचा वानोळा

मोताळा
२० ऑगस्ट २०२४

ती. आत्याबाई,
नमस्कार.

फोन सोडून कागद काढला म्हणून घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. पण इथे फोन वाजला की सासूबाई म्हणतात, स्पीकरवर टाक, आम्हीही ऐकतो. आणि तुमच्याकडे फोन शेखरदादाचा, उचलणार काजलवहिनी. त्यापेक्षा पोस्टमन बरा, त्याला निदान वाचायला वेळ नसतो.

बातमी अशी की मी लिहायला लागले आहे. दुपारी गोपाल जेवायला घरी येतात तेव्हा त्यांच्या शेतीऔषधांच्या दुकानावर मी बसते. गिऱ्हाईक नसलं की फेसबुकवर लिहिते. जूनपासून अडीच महिने झाले. सुविचार लिहिले, पाककृती लिहिल्या, कपाशीच्या बोंडअळीवर लिहिलं तर अकोल्याच्या एका गृहस्थानं खाली सात चुका काढल्या. पसंती म्हणाल तर अकरा. त्यात नऊ माहेरच्या आणि एक गोपालची. ते न वाचताच अंगठा देतात असा मला संशय होता. म्हणून एका लेखाच्या मधोमध लिहिलं की आज संध्याकाळी घरात भाजी नाही, येताना घेऊन या. अंगठा आला, भाजी आली नाही.

एका सरांची ऑनलाइन कार्यशाळा केली. ते म्हणाले, आधी तुमचा निश शोधा. म्हणजे आपला एक ठरलेला विषय, जो दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि लेख तीनशे शब्दांच्या वर नको, लोक वाचत नाहीत. त्याच आठवड्यात एका मॅडमनी सांगितलं की दीड हजार शब्दांच्या खाली लिहिलंत तर तुम्हाला कुणी लेखक समजणार नाही. दोघांनी फी मात्र सारखीच घेतली. या दोघांना स्वतःचा विषय सापडला आहे का, याचीच मला शंका येते.

घरात वेगळंच. "काही बायका भाकरी थापताना सगळ्या गल्लीला ऐकवतात" असं एकदा लिहिलं, तेव्हापासून मोठ्या जाऊबाई इतक्या हळू थापतात की भाकरी जाड राहते. बोलत काही नाहीत, बघतात.

तुम्ही पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोरं तुमच्या गोष्टीला हलत नसत. काय सांगायचं आणि कुठे थांबायचं हे तुम्हाला कसं कळायचं? मला खरंच हवं आहे हे, आत्याबाई. दुकानावर बसणारी वहिनी एवढीच ओळख घेऊन मला म्हातारं व्हायचं नाही.

तुमची,
जयमाला

*

देऊळघाट
४ सप्टेंबर २०२४

चि. जयमाला,
आशीर्वाद.

आधी पाकिटाची मागची बाजू बघ. भाताच्या शितांनी चिकटवून वर आडवी सही केली आहे. सहीचे दोन तुकडे जुळत नसतील तर मधे कुणी उघडलं असं समज. आमच्याकडे काजल चोवीस तास मोबाइलमध्ये तोंड घालून असते. काय बघते, कुणाला काय धाडते, देव जाणे. सून चांगली आहे, पण मुकी आहे, आणि मुक्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

तुझ्या त्या सरांचं मला काही कळलं नाही. पोरांना गोष्ट सांगणं म्हणजे वानोळा देणं. आपल्या वावरात जे पिकलं त्यातलं पहिलं, चांगलं, थोडंसं, फडक्यात बांधून नात्यात द्यायचं. वानोळा म्हणून कुणी पोतं पाठवत नाही. आणि बाजारातून विकत आणून कुणी वानोळा देत नाही. तुझा विषय आणि तुझी लांबी, दोन्ही यात आलं.

आता तू विचारलंच आहेस तर एक सांगते. मी एकदा खोटा वानोळा दिला आहे.

तुझे आतोबा गेले त्या वर्षी दहाव्याला आमचे धाकटे दीर नारायणराव सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वहिनी, बाईच्या हातानं वावर नाही चालत." मी त्यांना चालवून दाखवलं. दरवर्षी चंपाषष्ठीला, आपल्या वांगेसटीला, देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि मगच चातुर्मासात बंद केलेलं वांगं घरात सुरू होतं. नारायणराव वडनेर भोलजीला राहतात, पण त्यांच्या नैवेद्याला वांगी माझ्याच वावरातली लागतात, कारण ते सासऱ्यांचं मूळ वावर आहे. तीन वर्षांपूर्वी वांग्याला मर लागली. उभी झाडं आठ दिवसांत माना टाकून बसली. वांगी नाहीत असं सांगितलं असतं तर नारायणरावांचं बोलणं खरं झालं असतं. मी काजलला घेऊन बुलडाण्याच्या बाजारात गेले आणि चार किलो वांगी आणली.

संध्याकाळी काजल गिरणीवर गेली, शेखर वावरात. मी वावरातली माती आणून ओसरीवर पसरली आणि एकेक वांगं तिच्यात फिरवलं, म्हणजे ती आत्ताच तोडल्यासारखी दिसतील. दुसऱ्या दिवशी वडनेरला दिली. नैवेद्य झाला. जेवताना नारायणराव म्हणाले, "बाजाराच्या वांग्याले थे चव येतच नाही, वहिनी. बाबाच्या मातीची गोष्टच अलग आहे." ते भरीत मी पानातच ठेवलं.

बाजाराचं काजलला माहीत आहे. मातीचं मी आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे. पत्र वाचून फाड.

तुझी आत्या,
सत्यभामा

*

मोताळा
१८ ऑक्टोबर २०२४

ती. आत्याबाई,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, दसऱ्याच्या गडबडीत राहून गेलं. सही जुळली होती. पत्र फाडलं.

तुमच्या सांगण्यानं माझं काम झालं. माझ्या पानाचं नाव मी आता "वानोळा" ठेवलं आहे. नात्यागोत्यातली देवघेव, घरोघरच्या रीती, त्यातल्या गमती, असा विषय धरला. अकरा पसंतींच्या आता हजारो झाल्या. एक लेख तर इतका फिरला की दुकानावर औषध घ्यायला आलेल्या वरवंडच्या एका शेतकऱ्यानं तो मलाच वाचून दाखवला. गोपाल आता खरंच वाचतात असं वाटतं, कारण मधून मधून माझ्याकडे टक लावून बघतात. इथल्या वाचनालयानं जानेवारीत मला बोलायला बोलावलं आहे. विषय आहे, नवीन लिहिणाऱ्यांनी काय लिहावं आणि किती.

कोणता लेख ते विचारू नका, असंच काहीबाही आहे. आणि शेखरदादाच्या मोबाइलवर शोधत बसू नका. मागच्या वर्षी तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्या उजेडानं डोळ्यांना त्रास होतो. वाटल्यास मी चांगले लेख हातानं लिहून पाठवीन.

काजलवहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या वाटतात तितक्या वाईट नसतील.

तुमची,
जयमाला

*

देऊळघाट
१२ डिसेंबर २०२४

चि. जयमाला,
आशीर्वाद.

काजलला नमस्कार सांगितला नाही. का, ते वाच.

यंदा वांगी भरपूर लागली. टोपलीभर काळी, चमकदार, हातात धरावी अशी. वांगेसटीच्या आदल्या दिवशी मी स्वतः एसटीनं वडनेरला गेले. नारायणरावांनी फडकं सोडलं, एक वांगं उचलून उलटसुलट पाहिलं आणि हसून म्हणाले, "वहिनी, हे वावरचे आहेत का बुलडाण्याचे?" घरात दहा-बारा माणसं होती. सगळी हसली. शालूबाई, त्यांची बायको, तेवढी खाली मान घालून आत गेली. माझी वांगी तशीच राहिली आणि नैवेद्याला नांदुऱ्याहून वांगी आणली. खरी वांगी नेली त्या वर्षी हे झालं बघ.

मोबाइलवर कुणीतरी लिहिलं आहे म्हणतात. एका बाईनं बाजारातली वांगी घरचा वानोळा म्हणून देवाला चढवली. नाव नाही, गाव नाही. पण वांगेसट आहे, विधवा भावजय आहे आणि दीर आहे. आमच्या नात्यात ओळखायला आणखी काय लागतं?

बाजारात माझ्यासोबत एकच माणूस होतं. मी परत आले तशी तिच्या हातचा चहा बंद केला. चुलीकडे तिला येऊ दिलं नाही. शेखर म्हणाला, "आई, तिले विचार तं खरं एकदा." विचारायचं काय त्यात? चोराला विचारून चोर सापडतो का? तिनंही एक शब्द काढला नाही. खरी असती तर बोलली असती. काल पोरीला घेऊन मेहकरला माहेरी गेली. शेखर माझ्याशी बोलत नाही.

तुझाही विषय वानोळ्याचाच आहे म्हणतेस. तुझ्या वाचण्यात आलं का हे? कुणी लिहिलं असेल? तुला हे मोबाइलचं कळतं, शोधून काढ.

तुझी आत्या,
सत्यभामा

*

मोताळा
१७ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाई,
नमस्कार.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण तुम्ही एकदम काजलवहिनींवर घेऊ नका. अशा गोष्टी घरोघरी घडतात. एखाद्या वाचकानं कुठे ऐकली असेल, त्यानं कुणाला पाठवली असेल, तिनं लिहिली असेल. वांगेसट काय तुमच्या एकट्याच्या घरी होते? बाजारात भाजीवालीनंही तुम्हाला पाहिलं असेलच. नारायणरावांना उगीच दुसऱ्याची गोष्ट तुमची वाटली.

हे मोबाइलवरचं चार दिवस असतं, पाचव्या दिवशी कुणाला आठवतही नाही. वहिनींना बोलावून घ्या म्हणजे झालं. कुणी लिहिलं ते शोधणं अवघड असतं, तरी बघते.

इकडे गोपालच्या दुकानात गर्दी आहे. वाचनालयाच्या भाषणाची तयारी चालली आहे. थंडी जपा.

तुमची,
जयमाला

*

देऊळघाट
२४ डिसेंबर २०२४

जयमाला,

काल पुन्हा वडनेरला गेले होते. माफी मागायचीच ठरवून गेले होते. नारायणराव वावरात होते, घरी शालूबाई एकटी. म्हटलं, दाखव मला काय आलं आहे ते. तिनं मोबाइल समोर धरला. चार ओळी. म्हणाली, "एवढंच तं आहे वहिनी, सारे हेच धाडून राह्यले." त्या चार ओळींच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, आणखी पाहा. मी बोट लावलं. शालूबाईला माहीतच नव्हतं की खाली काही आहे. कुणालाच माहीत नसावं. एवढं लांब कोण वाचतं?

मी वाचलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, चष्मा पुसत पुसत, पाऊण तास. झाडांनी माना टाकल्या ते वाचलं. दहाव्याचं बोलणं वाचलं. आणि अगदी तळाशी, त्या बाईनं ओसरीवर माती पसरली आणि एकेक वांगं तिच्यात फिरवलं.

बाजार काजलला माहीत होता. माती तिला माहीत नव्हती. माती मी एकाच कागदावर लिहिली होती, आणि तो कागद तू फाडला होतास.

वर पानाचं नाव होतं, वानोळा. खाली तुझा फोटो, काजलच्या डोहाळजेवणातला.

नाव बदललंस, गाव बदललंस, वांगी मात्र तशीच ठेवलीस. पेरू लिहिले असतेस तरी चाललं असतं. त्या सरांचं ऐकून चार ओळींत थांबली असतीस तरी मला कधी कळलं नसतं. मी मरेपर्यंत माझ्या सुनेलाच चोर म्हणत राहिले असते. तू लांब लिहिलंस म्हणून सापडलीस, आणि म्हणून ती सुटली. यासाठी तुझे आभार मानू की काय करू, मला सुचत नाही.

मी तुला सांगितलं होतं की आपल्या वावरातलं द्यावं. तू माझ्या वावरातून तोडलंस आणि आपलं म्हणून वाटलंस. मी बाजारातून आणलेली निदान पैसे देऊन आणली होती.

सत्यभामा

*

मोताळा
३० डिसेंबर २०२४

ती. आत्याबाई,

तुम्ही आशीर्वाद लिहिला नाहीत. मलाही नमस्कार लिहायला तोंड नाही.

कुणाला दुखवायचं नव्हतं, असं मी आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला, कारण तेही खोटं होतं. मला माहीत होतं. लेख टाकण्याआधी मी पहिल्या चार ओळी सहा वेळा बदलल्या, लोकांनी थांबावं म्हणून. तुम्हाला विचारायला मात्र एकदाही फोन हातात घेतला नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल हे मला ठाऊक होतं. वांगी बदलून पाहिली होती. पेरू घातले तर गोष्ट पडत होती. मी गोष्ट वाचवली आणि तुम्हाला बुडवलं.

तुमचं पत्रही फाडलेलं नाही. लिहिताना समोर हवं होतं म्हणून दुकानात, कपाशीच्या बियाण्याच्या यादीखाली ठेवलं होतं. आता या पाकिटात परत पाठवते आहे.

लेख काढून टाकला. वाचनालयाला भाषण देणार नाही असं कळवलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मला अजून विषय सापडलेला नाही असं सांगितलं. गोपालना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले पहिल्याच दिवशी डाऊट आला होता. इतकं चांगलं तुले एकदम कसं जमलं?" ते मला फार लागलं, पण बरोबर होतं.

परवा मी मेहकरला जाऊन आले. काजलवहिनींना अंगणात बसवून सगळं सांगितलं, पायाही पडले. त्यांनी पाय मागे घेतले आणि चहा ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहिलं तं लिहिलं. आईनं मले एक डाव विचारलं असतं, तं मी सांगितलं असतं, मी नाही म्हणून. त्यायनं विचारलंच नाही." एवढंच. माझ्यावर त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या माझ्या सांगण्यानं परत यायच्या नाहीत. तुम्हालाच जावं लागेल, आत्याबाई. मी सांगण्याच्या लायकीची नाही, तरी सांगते.

जयमाला

*

देऊळघाट
१७ जानेवारी २०२५

चि. जयमाला,
आशीर्वाद. मागच्या पत्रात रागानं हा शब्द राहून गेला होता, आज लिहिते.

संक्रांतीच्या आधी मेहकरला गेले. एसटीत सगळा वेळ मनात वाक्यं जुळवत होते. पंचवीस वर्षं पोरांना गोष्टी सांगितल्या आणि सुनेसमोर उभी राहिले तर एकही वाक्य आठवेना. शेवटी म्हटलं, "काजल, तू सांगितलं होतं का?" ती म्हणाली, "नाही, आई." मी म्हटलं, "चाल मंग घरी." तिनं पिशवी आधीच भरून ठेवलेली होती. म्हणजे मी येणार हे तिला माहीत होतं, किंवा मी आलेच नाही तरी ती येणार होती. विचारलं नाही. सगळंच विचारून होत नाही.

येताना तिला घेऊनच वडनेरला गेले आणि नारायणरावांना तोंडावर सांगितलं, हो, त्या वर्षीची वांगी बाजारातली होती आणि मातीही मीच लावली होती. ते खाटेवर सरकून बसले आणि मला जागा करून दिली. मग म्हणाले, "माती तं बाबाचीच होती ना, वहिनी. मग मले चव लागली थे काही खोटं नाही." शालूबाई आतून म्हणाली की आता तरी त्यायले जेवू घाला. भरीत मी सोबत नेलेल्या माझ्याच वांग्यांचं झालं. नैवेद्य नाही, साधं जेवण.

तू लिहिणं बंद केलंस असं गोपाल शेखरला म्हणाला. तो बावळटपणा करू नको. तुझ्याकडे दुकान आहे. रोज पन्नास माणसं येऊन सांगतात त्यांच्या पिकाला काय झालं, आणि त्यातली अर्धी खोटं बोलतात. तुझ्या जाऊबाईंच्या भाकरीची ओळही चांगली होती, मी हसले होते. पण आधी त्यांना वाचून दाखव. त्या हसल्या तर टाक, नाही हसल्या तर जाड भाकरी खा. किती लांब लिहावं हे मात्र मी आता कुणाला सांगत नाही.

सोबत वानोळा पाठवते. सहा वांगी आहेत. शेखर शनिवारी औषधं न्यायला मोताळ्याला येणार आहे, त्याच्याकडेच हे पत्र देते. एकदोन वांग्यांना माती दिसेल, ती तोडताना लागलेली आहे. पाकीट चिकटवायला काजलकडे देते आहे. आता सही करत नाही.

तुझी आत्या,
सत्यभामा

जयमालाताई,
आईंनी पाकीट उघडं दिलं म्हणून वाचलं. तुमच्यासाठी वांगी मीच तोडली आहेत.

मातीचं कुणालाच माहीत नव्हतं असं आई म्हणतात, ते बरोबर नाही. त्या संध्याकाळी गिरणीवर लाइट नव्हती, म्हणून मी दळण तसंच घेऊन परत आले होते. आई ओसरीवर एकेक वांगं मातीत फिरवत होत्या आणि रडत होत्या. मी दारातूनच मागे फिरले आणि लाइट येईपर्यंत गिरणीच्या पायरीवर बसून राहिले. उशीर का झाला म्हणून आई रागावल्या, तेव्हा गिरणीवर गर्दी होती असं सांगितलं.

त्यांना वाटतं माती मला माहीत नव्हती म्हणून मी सुटले. त्यांना तसंच वाटू द्या. हे त्यांना सांगू नका आणि कुठे लिहू नका.

काजल